कळ, खिळा आणि पुण्याचा स्पेक्ट्रम

१९८८ साली पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' नावाचा घरगुती संगणक बाजारात आणला. मूळ यंत्र केंब्रिजच्या सिंक्लेअर रिसर्चचे. पुण्याचे हे त्याचे परवानाप्राप्त भारतीय रूप. घरातल्या टीव्हीला जोडायचे, कॅसेट प्लेअरवरून प्रोग्रॅम भरायचा आणि कर्कश आवाज ऐकत वाट पाहायची. या यंत्राच्या आठवणी निघतात त्या बहुधा खेळांच्या. इतिहासाच्या दृष्टीने मात्र त्याचा कळफलक अधिक बोलका आहे. देवनागरीला कित्येक दशके छळणाऱ्या एका प्रश्नाचे उत्तर त्याच्या पोटात होते आणि त्याच्या तोंडावर मात्र एकही मराठी अक्षर नव्हते.

तो प्रश्न टाइपरायटरचा. यांत्रिक टाइपरायटरमध्ये कळ आणि अक्षर यांची गाठ लोखंडाची असते. कळ दाबली की तिला जोडलेला दांडा उसळतो, त्याच्या टोकावरचा खिळा शाईच्या फितीवर आपटतो आणि कागदावर ठसा उमटतो. एका खिळ्यावर दोनच आकृती मावतात. कळा साधारण ४४ ते ४६, म्हणजे एकूण चिन्हे नव्वदीच्या आसपास. इंग्रजीला एवढी पुरून उरतात. देवनागरीत स्वर, व्यंजने, काना-मात्रा-वेलांटी, रफार आणि शेकडो जोडाक्षरे असा सारा संसार त्या नव्वद खणांत मावेना.

म्हणून अक्षरे तोडावी लागली. अनेक यंत्रांत 'भ' किंवा 'घ' हे पूर्ण अक्षर कळीवर नसेच. आधी अर्धे अक्षर उमटवायचे, मग काना लावून ते पुरे करायचे. अनुस्वारासारख्या चिन्हांच्या कळा गाडी पुढे सरकवत नसत, कारण ते चिन्ह अक्षराच्या डोक्यावरच बसायला हवे. ऱ्हस्व वेलांटी कागदावर डावीकडे दिसते, म्हणून ती व्यंजनाच्या आधी टंकायची. उच्चारात ती नंतर येते याच्याशी यंत्राला कर्तव्य नव्हते. टंकलेखक शब्द लिहीत नसे, शब्दाचे चित्र तुकड्यातुकड्यांनी जुळवत असे.

यंत्र बदलत नाही, तर लिपी बदलावी, हा विचार त्या काळी विक्षिप्त मानला जात नव्हता. सावरकरांच्या लिपिशुद्धीच्या चळवळीतली 'अ'ची बाराखडी, म्हणजे इ-उ ऐवजी अि-अु, यामागे मुद्रणाची आणि टंकलेखनाची सोय हे एक उघड कारण होते. १९५३ साली लखनौला भरलेल्या लिपिसुधारणा परिषदेने तर ऱ्हस्व इकाराची वेलांटी अक्षराच्या डावीकडून उजवीकडे नेण्याची शिफारस केली. ती पुढे मागे पडली, आणि ते बरेच झाले. तरी क्षणभर थांबून पाहावे असे हे वळण आहे: शतकानुशतके हातांनी घडवलेली लिपी लोखंडी दांड्यांच्या सोयीने वळवण्याचा गंभीर विचार जाणती माणसे करत होती.

आता स्पेक्ट्रम उघडून पाहू. १९८२ च्या मूळ ब्रिटिश यंत्रात ४० कळा होत्या, त्याही एका अखंड रबरी पत्र्याला फुटलेल्या उंचवट्यांसारख्या. वर भोके पाडलेली धातूची पट्टी, खाली प्लास्टिकचे पातळ पापुद्रे. दोन पापुद्र्यांवर विद्युतवाहक रेषा छापलेल्या आणि मधल्या पापुद्र्याला कळींच्या जागी छिद्रे. बोट दाबले की वरची रेषा खालच्या रेषेला टेकते; बस्स, एवढेच. रिक डिकिन्सन यांनी घडवलेल्या या कळफलकाचा स्पर्श मेलेल्या मांसासारखा लागतो, अशी टीका झाली. १९८४ च्या स्पेक्ट्रम प्लसमध्ये टणक प्लास्टिकच्या ५८ कळा आल्या. पुण्यात अवतरला तो या वंशाचा. पण टोप्या बदलल्या तरी पोटात पापुद्रेच राहिले. वाढीव कळांपैकी पुष्कळशा खरे तर एकाच दाबाने दोन जुन्या कळा दाबत. डिलीटची कळ म्हणजे कॅप्स शिफ्ट आणि शून्य यांची जोडी, एका टोपीखाली. त्याच काळात सरकारच्या 'क्लास' योजनेतून निवडक शाळांत पोहोचलेल्या बीबीसी मायक्रोला प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्विच होता. टंकायला तो कितीतरी सुखाचा, आणि अर्थात महाग.

स्विच उत्तम असो वा पापुद्र्याचा, तत्त्व मात्र एकच. स्पेक्ट्रमचा झेड-८० प्रोसेसर सेकंदाला ५० वेळा कळफलक तपासतो. ४० मूळ कळांची मांडणी ८ ओळी आणि ५ स्तंभांची. कोणती ओळ कोणत्या स्तंभाला टेकली, एवढेच त्याला कळते. त्या छेदबिंदूचा अर्थ काय, हे कळ ठरवत नाही, रॉममधला प्रोग्रॅम ठरवतो. म्हणून 'जे'ची कळ ओळीच्या आरंभी दाबली तर पडद्यावर 'लोड' हा अख्खा शब्द उमटे, 'पी' दाबली तर 'प्रिंट'. पुढे त्याच कळा साधी अक्षरे देत. एकेका टोपीवर पाच-सहा अर्थ छापलेले असत. लोखंडाची गाठ इथे सुटली होती. कळ आता खिळ्याला बांधलेली नव्हती.

मग मराठी का नाही? स्पेक्ट्रममध्ये वापरणाऱ्याला स्वतःची चिन्हे रेखाटण्याची सोय होती: ८ बाय ८ ठिपक्यांचे चौकोन, एकूण २१. त्यात 'क' काढता येतो. मात्र आठांपैकी एक ओळ शिरोरेषा खाते, मात्रेला वर जागा उरत नाही, उकाराला खाली उरत नाही. आणि व्यंजनेच तिशीच्या पुढे. अडचण आता कळीत नव्हती, पडद्यात आणि स्मृतीत होती.

ती अडचण सुटली ती दुसऱ्या वाटेने. आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्यांसाठी सुरू झालेले काम मोहन तांबे प्रभृतींनी पुढे सी-डॅकमध्ये नेले. सी-डॅकची स्थापनाही १९८८ चीच, पुण्यातलीच. या कामातल्या जिस्ट कार्डाने साध्या पीसीवर देवनागरी दिसू लागली, आणि इन्स्क्रिप्ट या कळफलकाला १९९१ च्या भारतीय मानकात स्थान मिळाले. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने. 'के'च्या कळीवर क, शिफ्टसह ख. 'एल'वर त, शिफ्टसह थ. 'एच'वर प, शिफ्टसह फ. बहुतेक जोडाक्षरांना वेगळी कळ नाही: क, हलन्त, ष असे क्रमाने दाबले की 'क्ष' जुळवण्याचे काम यंत्राचे. वेलांटीची गंमत तर पाहावी. इन्स्क्रिप्टमध्ये ती व्यंजनानंतर दाबायची, उच्चारात येते तशी, आणि पडद्यावर ती आपोआप डावीकडे जाऊन बसते. लखनौला जे लिपीकडून मागितले गेले होते, ते इथे बोटांकडून घेतले गेले. अक्षराला कोणी हात लावला नाही.

मात्र बोटांनाही स्मृती असते. महाराष्ट्रात लिपिक-टंकलेखकाच्या सरकारी नोकरीसाठी मराठीचा वेग मिनिटाला ३० शब्द असल्याचे प्रमाणपत्र लागते. त्यासाठी पुण्यापासून सुमारे १२० किलोमीटरवरच्या अहिल्यानगर शहरात, श्रीरामपुरात, संगमनेरात, तालुक्यातालुक्यांच्या टंकलेखन संस्थांत, मुलामुलींनी रेमिंग्टन आणि गोदरेजच्या जड कळांवर बोटे घासली. शेती बेभरवशाची असलेल्या घरात त्या प्रमाणपत्राची किंमत काय, हे तिथल्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. त्यांना इन्स्क्रिप्ट शास्त्रशुद्ध आहे हे पटवणे सोपे होते. मिळवलेला वेग शून्यावर आणून पुन्हा शिका म्हणणे सोपे नव्हते. लिपितज्ज्ञ त्याला हट्ट म्हणतात. तो हट्ट नव्हता, कमाईचा हिशेब होता.

परिणामी सी-डॅकच्या आयएसएमपासून पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीपर्यंत साऱ्या मराठी सॉफ्टवेअरांना टाइपरायटरची मांडणीही ठेवावी लागली. टोप्यांवर मराठी अक्षरे छापलेले कळफलक विरळाच मिळत, म्हणून बाजारात चिकटपट्ट्यांचे संच आले, ते इंग्रजी अक्षरांशेजारी चिकटवायचे. यांत्रिक टाइपरायटर परीक्षेतूनही गेल्या दशकात बाद झाला. युनिकोडमध्ये लिहिताना आजही रेमिंग्टनची मांडणी निवडता येते. ती निवडणारा 'कि' लिहिताना आधी वेलांटी दाबतो, आणि व्यंजन येईपर्यंत सॉफ्टवेअर ती वेलांटी अधांतरी धरून ठेवते.