पगाराच्या हिशेबातला न लिहिलेला खर्च

नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कंपन्यांत काम करणारी आपली पोरं पुण्या-मुंबईची ऑफर आली की विचारतात, "दादा, पगार किती वाढला तर जावं?" मग कागदावर आकडे मांडले जातात. खोलीभाडं, डिपॉझिट, मेस, लोकलचा पास. हिशेब बरोबरच असतो, पण त्यात एक रकाना कायम सुटतो. तो रकाना जातीचा.

हा रकाना सर्वात आधी कोणी भरला असेल, तर बाबासाहेबांनी. सप्टेंबर 1917 मध्ये ते बडोद्याला नोकरीसाठी गेले. पदरी कोलंबिया विद्यापीठाचं शिक्षण होतं आणि समोर संस्थानची नोकरी. पण राहायचं कुठे? हिंदू हॉटेलात जागा मिळणार नव्हती. शेवटी पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. जेवणखाण धरून दर दिवसाला दीड रुपया. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगितलं. एक हिंदू आणि एक ख्रिश्चन, अशा दोन मित्रांकडेही आसरा मिळाला नाही. सरकारी बंगला मिळेना. कामाठी बागेत बसून त्यांनी वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. भाडं देण्याची ऐपत होती, तरी खोली मिळाली नाही.

मुंबईच्या गिरण्यांत तर पगारालाच जात चिकटलेली होती. गावची बलुतं आणि वतनाची वेठ सोडून आपले आजे-पणजे रोख मजुरीसाठी मुंबईत आले. पण जास्त मजुरीचं विणकाम खातं त्यांना बंद. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो आणि अस्पृश्याचं तोंड लागलं तर विटाळ होतो! शहर तेच, महागाई तीच, पण आपल्या वाट्याला कमी मजुरीची खाती. 1928 च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठामपणे मांडला. नुसती मजुरीवाढ मागून भागणार नव्हतं.

म्हणून कुणी म्हणेल, मग गावातच राहावं का? मुळीच नाही. खेड्याबद्दलचा भाबडेपणा बाबासाहेबांनी 4 नोव्हेंबर 1948 ला घटना समितीतच खोडून काढला. शहरात जायचंच, पण डोळे उघडे ठेवून.

आज सरकारी नोकरीत केंद्राच्या नियमानुसार मुंबई-पुणे 'एक्स' वर्गात, नाशिक 'वाय' वर्गात, आणि घरभाडे भत्ता त्याप्रमाणे कमी-जास्त. म्हणजे शहरागणिक भाडं बदलतं हे शासनाला मान्य आहे. पण आडनाव विचारून नाकारलेली खोली, मग लांब उपनगरात घेतलेलं घर, प्रवासाचे रोजचे तीन तास आणि दलालाला दोनदा दिलेले पैसे कोणत्या भत्त्यात बसतात? खासगी कंपनीत तर बहुतेकदा एकच आकडा हातात पडतो.

यावरचा उपायही चळवळीनेच दाखवला आहे. बहिष्कृत हितकारिणी सभेने 1925 मध्ये सोलापुरात वसतिगृह काढलं, कारण शिकायला आलेल्या मुलाला आधी डोक्यावर छप्पर लागतं, हे त्यांना कळलं होतं. मित्रांनो, आज प्रत्येक शहरात आपली विहारं आहेत. नव्या आलेल्या पोराला पहिला महिना जागा, खरं भाडं सांगणारा माणूस आणि नाकारल्यावर सोबत उभं राहणारे चार जण, एवढं प्रत्येक विहाराने केलं तरी त्या सुटलेल्या रकान्यातला खर्च कमी होईल.

तोवर ऑफर आली की पगाराआधी हे विचारा: तिथे आपलं कोण आहे?

जय भीम!