वसईची केळी आणि विहिरीचे पाणी : एक ऐतिहासिक टिपण

कोकणच्या बागायतीचा इतिहास म्हटला की नारळ, सुपारी आणि आंबा यांचीच दखल प्रामुख्याने घेतली जाते. उत्तर कोकणातील वसई परिसरातील केळीच्या वाड्या त्या मानाने उपेक्षित राहिल्या. सोलापूरकरांनी त्यांकडे वळण्याचे कारण पुढे येईलच.

१५३४ ते १७३९ या काळात वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. पोर्तुगीज केळ्याला ‘हिंदचे अंजीर’ म्हणत. गार्सिया द ओर्ता याच्या १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात त्याचीही चर्चा आहे. पुढे मराठ्यांची, मग इंग्रजांची सत्ता आली. वाडी कसणारे सामवेदी आणि वाडवळ मात्र तेथेच राहिले. त्यांतील काहींनी धर्म बदलला, वाडी सोडली नाही. या वाड्यांत राबणाऱ्या आदिवासी मजुरांचे नाव कागदोपत्री फारसे आढळत नाही, ही आपल्या साधनांची मोठी उणीव होय.

राजेळी, मुठेळी, वेलची अशा जाती तेथे रूढ होत्या. पिकलेली राजेळी सोलून, उन्हात काही दिवस वाळवून केलेली सुकेळी हे तेथील वैशिष्ट्य. १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्येही आगाशीच्या सुकेळ्यांचा उल्लेख आहे. केळे नाशवंत, वाळवल्यावर ते टिकते आणि दूर जाते. सुकेळीकडे केवळ खाद्यपदार्थ म्हणून न पाहता बाजाराच्या अंतरावर शोधलेला उपाय म्हणून पाहावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. १८६४ मध्ये या भागातून मुंबईपर्यंत लोहमार्ग पोहोचला आणि ताज्या मालालाही शहर जवळ आले.

ही सारी बागायत विहिरीच्या गोड्या पाण्यावर आणि रहाटावर उभी होती. समुद्राकाठी असे पाणी मर्यादित असते. उपसा वाढला की खारे पाणी आत शिरते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घरबांधणी वाढली आणि विहिरींचे पाणी टँकरने विकले जाऊ लागले. १९८० च्या दशकाअखेर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली उभे राहिलेले हरित वसईचे आंदोलन या पार्श्वभूमीवर समजून घ्यावे लागते. त्यास केवळ पर्यावरणवादी म्हणणे अपुरे आहे. तो बागायतदारांचा पाण्यावरील हक्काचा लढाही होता.

याच दशकाच्या आरंभी, १९८० मध्ये, भीमेवरील उजनी धरण पूर्ण झाले. अवर्षणप्रवण करमाळा तालुक्यात, विशेषतः कंदर परिसरात, त्याच्या पाण्यावर केळी उभी राहिली आणि आज ती आखाती देशांत जाते. तेथे ठिबक सिंचन आहे, ऊतिसंवर्धित रोपे आहेत, राजेळी नाही. पाणीही गावच्या विहिरीचे नाही. धरणाच्या फुगवट्यात ज्यांची गावे बुडाली, त्यांच्या जमिनींवर ते साठलेले आहे.