एका खाटेवर एकच रुग्ण: हा हक्क कुठून आला?

"डॉक्टर, वॉर्डमध्ये एवढी जागा आहे, मग अजून चार खाटा का नाही टाकत?" एका रुग्णाच्या मुलाने परवा विचारलं. प्रश्न साधा आहे, पण त्याच्या उत्तरासाठी अडीचशे वर्षं मागे, पॅरिसला जावं लागेल.

जुनं रुग्णालय

ओतेल-द्यू हे पॅरिसचं सर्वांत जुनं रुग्णालय. सीन नदीच्या दोन्ही काठांवर ते दाटीवाटीने वाढलं होतं. 1772 च्या डिसेंबरअखेरीस तिथे भीषण आग लागली. तिथेच दुरुस्ती करायची की रुग्णालय दुसरीकडे हलवायचं, यावर वर्षानुवर्षं वाद चालला. 1785 मध्ये एका वास्तुविशारदाने पाच हजार रुग्णांसाठी एकच अवाढव्य गोलाकार इमारत सुचवली. सरकारने विज्ञान अकादमीचं मत मागवलं. अकादमीच्या समितीत लाव्हाझिए आणि लाप्लास यांच्यासोबत जाक तेनों हे शल्यचिकित्सक होते. नेत्रगोलाभोवतीच्या 'टेनन्स कॅप्सूल'ला त्यांचंच नाव आहे.

आधी मोजणी, मग आराखडा

तेनोंनी वॉर्डावॉर्डांत जाऊन मोजमाप केलं. एकूण 1219 खाटा, त्यांतल्या फक्त 486 एकट्या रुग्णासाठी. उरलेल्या मोठ्या खाटांवर चार-चार, कधी सहा-सहा रुग्ण. तापाचा रुग्ण, खरजेचा रुग्ण आणि मरणासन्न माणूस एकाच अंथरुणात! शस्त्रक्रिया झालेले आणि आपल्या पाळीची वाट पाहणारे एकाच खोलीत, एकमेकांच्या किंकाळ्या ऐकत. साधारण साडेचार रुग्णांमागे एक दगावत होता. एडिंबरामध्ये हेच प्रमाण 25 मध्ये एक असं होतं.

1787 मध्ये तेनों इंग्लंडला गेले. प्लिमथच्या नौदल रुग्णालयात त्यांना सुट्या, हवेशीर इमारती दिसल्या. एकीतली साथ दुसरीत सहज जाऊ नये अशी ती रचना होती. समितीने एका राक्षसी इमारतीऐवजी 1200 खाटांची चार रुग्णालयं सुचवली होती.

मग 1789 ची क्रांती झाली आणि योजना कागदावरच राहिली. सुट्या इमारतींचं लारिबोइझिएर रुग्णालय पॅरिसमध्ये सुरू झालं ते 1854 मध्ये. ओतेल-द्यूची नवी इमारत तर 1877 मध्ये उघडली. आगीनंतर तब्बल 105 वर्षांनी!

नवी इमारत पुरेशी होती का?

नाही. त्या काळी रोग दूषित हवेने होतात असा समज होता. रोग जंतूंमुळे होतात हे अजून सिद्ध झालं नव्हतं. त्यामुळे हवेशीर वॉर्ड बांधूनही जखमा चिघळतच राहिल्या. लिस्टरने जंतुनाशक शस्त्रक्रियेची पद्धत 1867 मध्ये मांडली, तेव्हा कुठे चित्र पालटू लागलं. अंतर ठेवण्याचा निष्कर्ष मात्र बरोबर ठरला.

मी एमडी करत असताना आमच्या वॉर्डमध्ये दोन खाटांच्या मध्ये जमिनीवर गाद्या असत. राऊंड घेताना एका रुग्णाला ओलांडून दुसऱ्याकडे जावं लागे. त्या गर्दीत दरवेळी हात धुणं कुणाला जमणार? तेनोंबद्दल वाचलं तेव्हा तो वॉर्ड डोळ्यांपुढे उभा राहिला.

म्हणून, शहरातल्या जुन्या रुग्णालयाचं नूतनीकरण होणार असं ऐकलंत, तर फक्त "खाटा किती वाढणार?" एवढंच विचारू नका. दोन खाटांत अंतर किती, हात धुण्याची सोय कुठे, संसर्गाच्या रुग्णांना वेगळी खोली आहे का, वाढीव खाटांसाठी नर्स किती, हेही विचारा.

आणि भेटायला गेलात, तर रुग्णाच्या खाटेवर बसू नका. ती जागा त्याची एकट्याची आहे.