सेव्हिल, 1862: तोरेसच्या बाकावर

दार ढकलताच सरसाचा वास नाकात शिरतो. गल्ली सेर्राखेरिया, गाव सेव्हिल, साल 1862. अंतोनियो दे तोरेस पंचेचाळिशीचा, मूळचा सुतार, आता गिटारी बनवतो. शागीर्द समजून तो तुमच्यापुढे काळपट, कठीण लाकडाची पट्टी सरकवतो. गिटारचा फिंगरबोर्ड तुम्ही करायचा.

आधी रंधा. लाकडाचे रेषे कुठे झुकलेत ते न पाहता तो चालवलात, तर सालपटांऐवजी ढलप्या निघतील. पट्टी सपाट झाली की पडद्यांच्या खाचा आखायच्या, आणि इथे तुमची खरी परीक्षा आहे. वरच्या टोकापासून घोडीपर्यंत 650 मिलिमीटर तार. गॅलिलिओचे वडील विन्सेंझो गॅलिलेई यांनी 1581 साली छापलेला हिशेब सोपा आहे: उरलेल्या तारेचा अठरावा भाग मोजा, खाच पाडा, पुन्हा उरलेल्याचा अठरावा भाग. तुम्ही एकविसाव्या शतकातले. तुमचं डोकं 17.817 ने भागतं, म्हणजे बाराव्या पडद्यापुढे तार बरोबर निम्मी उरते. अठराने भागलं तर बाराव्या पडद्यापुढे 325 ऐवजी 327 मिलिमीटरच्या वर तार उरते, म्हणजे सप्तक उतरलेलं. पण पडद्यावर दाबली की तार ताणली जाते आणि सूर किंचित चढतो, त्यामुळे ही चूक स्वतःलाच बरीचशी सावरून घेते. मला तर हा चुकीचा हिशेबच जास्त आवडतो. तुम्ही अचूक भागाकार केलात, तर मात्र घोडी थोडी मागे सरकवावी लागेल.

घोडी म्हणजे सहा भोकांचा लाकडी ठोकळा आणि त्यापुढे खाचेत उभी हाडाची अरुंद पट्टी. तंबोऱ्याच्या रुंद घोडीवर तार घासत राहते, जवारी बोलते; इथे तार एका रेषेवरून सुटते, सूर स्वच्छ हवा म्हणून. घोडी जड झाली तर आवाज दबतो, फार हलकी केली तर तारांच्या ओढीने चिरते. शिवाय खालची स्प्रूसची फळी सपाट नाही, मधे किंचित फुगीर आहे. म्हणून फळीवर खडू फासा, घोडी टेकवा, जिथे पांढरं उमटेल तेवढंच खरवडा. पुन्हा टेकवा. कंटाळा येईल, येऊ द्या. जेमतेम दोन मिलिमीटर जाडीच्या त्या फळीवर सहा तारांची सगळी ओढ या एका सांध्याने पेलायची आहे.

सरस गरम आहे तोवरच चिकटवा. घोडी आधी शेकून घ्या, नाहीतर सरस गोठेल आणि तारा चढवल्यावर ती उखडेल. तारा उद्या: तीन आतड्याच्या, तीन रेशमावर धातूची तार गुंडाळलेल्या.

निघताना कोपऱ्यातली ती गिटार उचलून पाहा. तिची पाठ आणि बाजू पुठ्ठ्याच्या आहेत. आवाज समोरच्या फळीतून येतो हे दाखवायला तोरेसने याच वर्षी केलेली. फिंगरबोर्ड आणि घोडी मात्र तिच्यावरही लाकडाचीच आहेत.