प्लगइन रॅपर

एका फॉरमॅटचे ध्वनी-प्लगइन दुसऱ्या फॉरमॅटच्या संगीतनिर्मिती सॉफ्टवेअरमध्ये चालावे म्हणून मध्ये बसवलेली दुभाषी फाइल.

स्टाइनबर्ग कंपनीने १९९६ मध्ये व्हीएसटी फॉरमॅट आणला (पहा : व्हीएसटी). पुढे ॲपलने ऑडिओ युनिट्स आणि प्रो टूल्स या सॉफ्टवेअरकरिता ॲव्हिडने एएएक्स काढले. रॅपरची गरज या भाऊबंदकीतून वाढली.

यजमान सॉफ्टवेअरला रॅपर हेच प्लगइन वाटते. ध्वनीचे नमुने, मिडी संदेश (पहा : मिडी) व नॉबच्या किमती तो मूळ प्लगइनकडे पोचवतो आणि संस्कारित आवाज परत आणतो. विंडोजवरील जेब्रिज हे रॅपर-साधन ३२ बिटी प्लगइन वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवून ६४ बिटी यजमानाशी जोडते. त्यासाठी ते बनवते त्या पूल-फाइलीत आवाज घडवणारा कोड नसतो. मूळ प्लगइनची फाइल हलवली की पूल-फाइल निरुपयोगी. एफएल स्टुडिओ या यजमानात तर व्हीएसटी प्लगइन ‘फ्रूटी रॅपर’मध्येच उघडते. त्याच्या दातेरी चाकामागे ठरावीक आकाराचे बफर वापरण्याचा पर्याय असतो. आवाजात खडखड करणारी काही प्लगइन तेवढ्यानेच ताळ्यावर येतात.

स्टाइनबर्गने २०१८ मध्ये व्हीएसटी २ चे विकासकिट देणे थांबवले, तरी त्यावर बेतलेले जुने प्रकल्प उघडावे लागतातच; तेथे रॅपर कामी येतो. लिनक्सवर याब्रिज हे साधन वाइनच्या आधारे विंडोजची प्लगइन चालवते (पहा : वाइन).