ठासणीची नळी आणि गंज

* ठासणीची बंदूक : नळीच्या तोंडातून दारू, बोळा व छर्रे गजाने ठासून भरायची बंदूक. १९५९च्या शस्त्र कायद्यात पीकराखणीसाठी तिचा स्वतंत्र उल्लेख आहे. सोरा, गंधक व कोळशाची काळी दारू जळली की नळीत खारट काजळी राहते. ती ओल ओढते. मेळघाटाच्या पायथ्याशी, अकोट-अचलपूरकडे, श्रावणाच्या दमट हवेत साधे पोलाद एका रात्रीत तांबूस होते. म्हणूनच इथले आजोबा बार उडवताच नळीत कढत पाणी ओततात, चिंधी काळी येईनाशी होईपर्यंत गज फिरवतात, मग तेलाचा हात देतात. स्टेनलेस पोलादात किमान १०.५ टक्के क्रोमियम असते. त्याचा अदृश्य थर गंज थोपवतो, नळी आतून गुळगुळीत राहते. तरीही धुणे चुकत नाही. काजळी त्यालाही खाते. — संपा.