बोस्टनचा चहा आणि बालवाचकांचा इतिहास

ज्या ऐतिहासिक प्रसंगाची चांगली गोष्ट होते, त्याचें कारण त्या गोष्टींतच बहुधा हरवून जातें. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्रीं अमेरिकेंतील बोस्टन बंदरांत तीन जहाजांवरील चहा समुद्रांत फेंकला गेला, हा असाच एक प्रसंग होय. काळोखी रात्र, तोंडास काजळी फांसून वेष पालटलेलीं माणसें, कुऱ्हाडीनें फुटणाऱ्या पेट्या. मुलांच्या पुस्तकास याहून सोईची सामग्री कोणती? म्हणूनच अमेरिकेंत या विषयावर बालवाङ्मय विपुल झालें आणि शाळांतून त्याचे खेळही रूढ झाले. हा प्रसंग मुलांस शिकवितांना काय साधतें आणि काय निसटतें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

१. शाळांतील नेहमींचा खेळ असा असतो. प्रत्येक मुलास कांहीं गोळ्या किंवा सोंगट्या द्यावयाच्या. एकास राजा करावयाचें व दुसऱ्यास करवसुलीदार. मग कागद वापरल्याबद्दल एक सोंगटी, खिडकीपाशीं बसल्याबद्दल दोन, असे कर बसवीत जावयाचें. घटकाभरांत वर्ग खवळतो, आणि शिक्षक सांगतात कीं वसाहतींतील लोक असेच खवळले. खेळ रंगतो यांत शंका नाहीं. परंतु त्यांतून मुलाच्या मनावर ठसतें तें एवढेंच कीं, कर वाढला, चहा महाग झाला, म्हणून लोकांनीं तो बुडविला. वस्तुस्थिति जवळजवळ याच्या उलट आहे.

२. चहावरील दर रत्तलास तीन पेन्सांची जकात १७७३ सालीं नवी नव्हती. ती १७६७ च्या टाउनशेंडच्या कायद्यानें बसली होती. त्या कायद्यांतील कागद, कांच, शिसें, रंग यांवरील जकाती १७७० सालीं उठल्या. चहावरची तेवढी पार्लमेंटनें आपला हक्क शाबूत आहे हें दाखविण्याकरितां ठेविली. मे १७७३ मध्यें झालेल्या चहाच्या कायद्यानें ती वाढविली नाहीं. उलट ईस्ट इंडिया कंपनीस इंग्लंडांत द्यावी लागणारी जकात परत मिळूं लागली व लंडनच्या लिलावांतून न जातां आपल्याच अडत्यांमार्फत थेट वसाहतींत माल विकण्याची मुभा तिला मिळाली. त्यामुळें कायदेशीर चहा स्वस्तच व्हावयाचा होता. मग लोक कशास चिडले? स्वस्त चहा घेतला म्हणजे तीन पेन्स मुकाट्यानें दिले जाणार, आणि आपण न निवडलेल्या पार्लमेंटनें आपणांवर कर बसवावा ही गोष्ट चहाच्या घोटाबरोबर गिळली जाणार, हें पहिलें कारण. या उत्पन्नांतून गव्हर्नर व न्यायाधीश यांचे पगार देण्याची योजना होती. तसें झाल्यास हे अधिकारी लोकांच्या सभेस जुमानणार नाहींत, हें दुसरें. आणि कंपनीनें निवडलेल्या अडत्यांखेरीज इतर व्यापाऱ्यांचा, त्यांत डच चहा चोरून आणणाऱ्यांचाही, धंदा बसणार, हें तिसरें. तिसरें कारण मुलांपासून लपविण्याचें प्रयोजन नाहीं. तत्त्व आणि स्वार्थ एकाच धक्क्यावर शेजारीं उभे असूं शकतात, हें मुलांस जितकें लवकर कळेल तितकें बरें.

३. सोंगट्यांच्या खेळाऐवजीं साधा हिशेब द्यावा. त्या रात्रीं सुमारें ३४० पेट्या फुटल्या; त्यांत सुमारें ९२,००० रत्तल चहा होता आणि कंपनीनें त्याची किंमत ९,६५९ पौंड लावली. दर रत्तलास तीन पेन्स धरल्यास एकंदर जकात २,७६,००० पेन्स होते. तत्कालीन पौंडांत २४० पेन्स. म्हणजे जकात झाली ११५० पौंड. मुलानें हा गुणाकार व भागाकार स्वतः करावा आणि मग प्रश्न विचारावा: साडेअकराशें पौंडांच्या कराकरितां त्याच्या आठपट किमतीचा माल कोणी बुडवितो काय? या प्रश्नाशीं तें मूल अडखळलें म्हणजे इतिहासाचें शिक्षण सुरू झालें. पैशाचा तंटा नसून हक्काचा आहे, हें त्यास कोणी सांगावें लागत नाहीं.

४. दुसरा पाठ दिनदर्शिकेचा. ‘डार्टमथ’ हें पहिलें जहाज २८ नोव्हेंबर रोजीं आलें. पाठोपाठ ‘एलिनॉर’ व ‘बीव्हर’ आलीं. वीस दिवसांत जकात न भरल्यास जकात-अधिकारी माल जप्त करूं शकत. ही मुदत १७ डिसेंबरास संपत होती. लोक चहा उतरूं देईनात, आणि जकात भरल्यावांचून गव्हर्नर हचिन्सन जहाजास परत जाऊं देईना. त्याचे दोन मुलगे कंपनीच्या अडत्यांत होते. जहाजाचा तरुण मालक फ्रान्सिस रॉच दोहोंच्या कात्रींत सांपडला. १६ तारखेस ओल्ड साउथच्या प्रार्थनामंदिरांत सुमारें पांच हजार लोक जमले असतां त्यास परवानगी मागण्यास गव्हर्नराकडे धाडण्यांत आलें. तो सायंकाळीं नकार घेऊन परतला, आणि त्यानंतरच मंडळी ग्रिफिनच्या धक्क्याकडे निघाली. हे वीस दिवस भिंतीवर मांडून एका मुलास रॉच, दुसऱ्यास गव्हर्नर, तिसऱ्यास अडत्या, चौथ्यास धक्क्यावरचा हमाल करावें, आणि रोज ‘आज तूं काय करशील?’ असें विचारावें. चहा बुडविणें हा क्षणाचा संताप नव्हता. इतर मार्ग एकामागून एक बंद झाल्यावर राहिलेली ती वाट होती, हें या खेळांतून कळतें. फिलाडेल्फिया व न्यूयॉर्क येथून जहाजें परत गेलीं, चार्ल्सटन येथें चहा तळघरांत पडून राहिला; तेव्हां बोस्टनची वाट अटळ होती काय, असाही वाद मुलांनीं घालावा.

५. पुस्तकांपैकीं एस्थर फोर्ब्स या लेखिकेची ‘जॉनी ट्रेमेन’ ही १९४३ सालची कादंबरी सर्वांत प्रसिद्ध असून तीस १९४४ चें न्यूबेरी पदक मिळालें. तिचा नायक सोनारकाम शिकणारा उमेदवार पोरगा. ही निवड इतिहासास धरून आहे, कारण चहा बुडविणाऱ्यांत कारागिरांकडे उमेदवारी करणारीं किशोरवयीन मुलें खरोखरच होतीं. जॉर्ज ह्यूज नांवाचा एक गरीब चांभारही त्यांत होता. त्याच्या आठवणी १८३४ व १८३५ सालीं छापल्या गेल्या, आणि याच सुमारास या कृत्यास ‘चहाची मेजवानी’ हें थट्टेचें नांव रुळलें. तत्पूर्वीं लोक त्यास ‘चहाचा नाश’ म्हणत. एकाच घटनेचीं दोन नांवें मुलांपुढें ठेवावीं आणि कोणतें नांव काय झांकतें हें विचारावें. मोहॉक लोकांच्या सोंगाचेंही तसेंच. मुलांस पिसें लावून नाचविण्यापेक्षां, मोहॉक हें आजही नांदत असलेलें एक राष्ट्र असून त्याचा या तंट्याशीं संबंध नव्हता, एवढें सांगणें अधिक प्रामाणिक होय.

६. बोस्टन येथील संग्रहालयांत पाहुण्यांस जहाजावरून खोटी पेटी पाण्यांत टाकूं देतात. पेटीस दोर बांधलेला असतो व ती पुनः वर ओढतां येते. खरी पेटी वर आली नाहीं. पार्लमेंटनें १ जून १७७४ पासून बंदर बंद केलें, आणि त्याचा पहिला फटका बसला तो हातावर पोट असणाऱ्या खलाशांस व हमालांस. कृत्याचा परिणाम न शिकवितां कृत्य तेवढें शिकविणें म्हणजे दोरी बांधलेला इतिहास शिकविणें होय.

याच ‘डार्टमथ’ जहाजावरून आणखीही एक माल आला होता. फिलिस व्हीटली ही आफ्रिकेंतून पळवून आणून १७६१ सालीं बोस्टनमध्यें विकली गेलेली मुलगी. तिचा काव्यसंग्रह १७७३ सालीं लंडनमध्यें छापला, आणि त्याच्या प्रती चहाबरोबर या जहाजांतून आल्या. करास ‘गुलामगिरी’ म्हणणाऱ्या शहरांत खरी गुलामगिरी कायदेशीर होती. हें मुलांस सांगितल्यानें त्या लोकांचें धैर्य खोटें ठरत नाहीं. त्या धैर्यास आणखी किती वाट चालावयाची होती तें कळतें.

७. महाराष्ट्रीय वाचकास हा विषय दूरचा वाटावयास नको. चहा चीनचा असला तरी कंपनी तीच होती. १७६५ त बंगालची दिवाणी घेऊन, १७७० चा भयंकर दुष्काळ पाहूनही ती १७७२ त दिवाळ्याच्या काठावर आली. १७७३ सालीं पार्लमेंटनें तिला कर्ज दिलें, रेग्युलेटिंग ॲक्टानें तिच्यावर देखरेख बसविली आणि चहाच्या कायद्यानें तिच्या वखारींत सांचलेल्या मालास गिऱ्हाईक शोधलें. त्याच वर्षीं ३० ऑगस्ट रोजीं पुण्यास नारायणराव पेशव्यांचा खून झाला. पुढें १७७५ त मुंबईकर इंग्रजांनीं राघोबादादांशीं सुरतेचा तह केला तेव्हां कलकत्त्यानें तो मोडीत काढला, तो रेग्युलेटिंग ॲक्टानें मिळालेल्या अधिकाराच्या बळावर. बोस्टनचा धक्का आणि शनिवारवाडा एकाच पानावर आणणारा नकाशा आमच्या मुलांनीं अवश्य काढावा.

मात्र १९३० चा मिठाचा सत्याग्रह, दांडीचा असो वा कोंकणांतील शिरोड्याचा, ‘बोस्टनसारखाच’ म्हणून शिकवूं नये. मिठावरील कर गरिबाच्या ताटापर्यंत खरोखर पोंचत होता. तेथें भूक आणि हक्क दोन्ही होतीं. बोस्टनमध्यें चहा स्वस्त होत असतां लोक नाहीं म्हणाले. या दोन नकारांतील साम्य कोणीही सांगेल. भेद ज्या मुलास सांगतां येईल, त्यास इतिहास आला असें समजावें.